मधे फक्त आकाश

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झेनिया नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम पंचवीस हजार. पण मे महिन्याच्या मध्यावरचा एक शुक्रवार उजाडला की तिथल्या जत्रेच्या मैदानाकडे गाड्यांची रांग लागते आणि पुढचे तीन दिवस गावकऱ्यांपेक्षा पाहुणेच जास्त होतात. २०२४ साली ३५,८७७ जण आले होते. कशासाठी? रेडिओसाठी! गाणी ऐकायचा रेडिओ आपल्याला माहीत आहे. हे लोक येतात ते स्वतः बोलायच्या रेडिओसाठी.

या मेळ्याचं नाव हॅमव्हेन्शन. हौशी रेडिओवाल्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात आणि त्यांच्या सगळ्यात मोठ्या मेळ्यांपैकी हा एक. १९५२ साली जवळच्या डेटन शहरातल्या एका हॉटेलात तो सुरू झाला, पुढे ‘हारा अरीना’ या सभागृहात पन्नासहून जास्त वर्षं भरला आणि २०१७ पासून झेनियात भरतो. डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव. सायकलीचं दुकान सांभाळून दोन भावांनी जिथं विमान बनवलं, तिथंच पोटापाण्याचा उद्योग सांभाळून रेडिओ बनवणारी माणसं जमतात. किती शोभून दिसतं हे!

फाटकातून आत शिरलं की पहिली गंमत दिसते ती लोकांच्या छातीवर. बिल्ल्यावर नाव बारीक आणि त्याच्यापेक्षा ठळक काही अक्षरं आणि एक आकडा. टोपीवर तेच, शर्टाच्या खिशावर तेच, कित्येकांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही तेच. ही ‘कॉल साइन’. परवाना देताना प्रत्येक हॅमला सरकार ती देतं आणि साऱ्या जगात तशी दुसरी नसते. सुरुवातीच्या अक्षरांवरून देश ओळखायचा. डब्ल्यू किंवा के म्हणजे अमेरिका, जेए म्हणजे जपान, झेडएल म्हणजे न्यूझीलंड आणि व्हीयू म्हणजे आपला भारत. वर्षानुवर्षं एकमेकांशी गप्पा मारणारी माणसं इथं पहिल्यांदा समोरासमोर येतात, आधी बिल्ला वाचतात, मग चेहऱ्याकडे बघतात आणि कडकडून मिठी मारतात. आवाजाची ओळख जुनी, चेहऱ्याची आत्ता झालेली!

पण हे लोक बोलतात तरी कसे?

तुम्ही पुण्याहून शिकागोतल्या भाचीला फोन लावता, तेव्हा तुमचा आवाज आधी टॉवरवर जातो, तिथून जमिनीखालच्या फायबरमध्ये, मग समुद्राच्या तळाशी पसरलेल्या केबलमध्ये, मग पलीकडच्या कंपनीच्या यंत्रणेत. वाटेत कितीतरी कंपन्या, कितीतरी यंत्रं, कितीतरी वीज. हॅमचा मामला निराळा. इथं एका घरात एक पेटी आणि गच्चीवर एक तार. तिथं दुसऱ्या खंडात दुसऱ्या घरात तशीच पेटी आणि तशीच तार. आणि मधे? मधे कोणी नाही. टॉवर नाही, केबल नाही, कंपनी नाही, बिल नाही. मधे फक्त आकाश आहे.

ती तार तरी केवढी? २० मीटर लांबीच्या लहरीवर बोलायचं तर साधारण दहा मीटर. दोन नारळांच्या झाडांमध्ये सहज बांधता येईल इतकी. आणि शक्ती? नेहमीचे सेट १०० वॅटचे असतात. पण काही जण त्यालाही चैन समजतात. हॅमव्हेन्शनच्याच सुमारास तिथं आणखी एक छोटं संमेलन भरतं, ‘फोर डेज इन मे’ नावाचं. पाच वॅट किंवा त्याहून कमी शक्तीवर जग गाठणाऱ्यांचं. पाच वॅट म्हणजे घरातल्या छोट्या एलईडी दिव्याएवढी वीज! आणि कमीत कमी किती? १९७० साली अलास्का आणि ऑरेगन यांच्यामध्ये एका वॅटच्या दहा लाखाव्या भागावर संपर्क झाला. अंतर होतं अडीच हजार किलोमीटरहून जास्त.

आता खरं कोडं. रेडिओ लहरी सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल. दहा मीटर उंचीवरून पाहिलं तर क्षितिज अकरा-बारा किलोमीटरवर संपतं. त्यापुढं जमीन खाली वळत जाते आणि लहर सरळ अंतराळात निघून जायला हवी. मग ती ओहायोतून निघून पुण्यातल्या गच्चीवर उतरते कशी?

याचं उत्तर कसं सापडलं, ती गोष्ट तर कमालच आहे.

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीनं इंग्लंडहून निघालेला संदेश अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचं जाहीर केलं. त्यानंतर सगळ्यांचा एकच समज झाला की लांब जायचं तर लहर लांब हवी. कंपन्यांनी आणि नौदलांनी हजारो मीटर लांबीच्या लहरी वापरायला सुरुवात केली. त्यासाठी प्रचंड मनोरे उभारले, त्यांना प्रचंड वीज पुरवली. अशात अमेरिकेत पोरंटोरं घराघरांत ट्रान्समीटर बनवून गोंगाट करू लागली. टायटॅनिक बुडाल्यावर, १९१२ साली कायदा आला. हौशी लोकांना सांगितलं गेलं की २०० मीटर आणि त्याखालच्या लहरी तुमच्या, त्यांच्यावर काय हवं ते करा. कारण साधं होतं. त्या लहरी कुचकामी आहेत याबद्दल जाणकारांत एकमत होतं.

थोडक्यात, उरलंसुरलं त्यांच्या पदरात टाकलं. पण हौस अशी गप्प बसते होय?

डिसेंबर १९२१. पॉल गॉडली नावाचा अमेरिकन हॅम जहाजानं ब्रिटनला गेला आणि स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, आर्ड्रोसन गावाबाहेरच्या माळावर त्यानं तंबू ठोकला. बाहेर भन्नाट वारा, पाऊस, हाडं गोठवणारी थंडी. तंबूत एक रिसीव्हर, आणि बाहेर खांबांवरून ताणलेली सुमारे चारशे मीटर लांब तार. त्यानं रात्र-रात्र कानाला हेडफोन लावून ऐकायचं, आणि पलीकडे अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी आपापल्या घरून हाका मारायच्या. ११ आणि १२ डिसेंबरच्या मधल्या रात्री त्याच्या कानात कनेक्टिकटमधल्या हॅमनी पाठवलेला अख्खा निरोप उतरला. लहर २३० मीटरची. जिच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती, त्या पट्ट्याच्या अगदी कडेजवळची! मार्कोनीच्या त्या दिवसाला बरोबर वीस वर्षं होत होती.

मग त्यांनी आणखी खाली उडी घेतली. नोव्हेंबर १९२३ मध्ये ११० मीटरच्या आसपास अमेरिका आणि फ्रान्समधल्या हौशी लोकांच्या पहिल्यांदा दुतर्फा गप्पा झाल्या. लहर आखूड केली तर ती अडखळण्याऐवजी जास्तच खणखणीत ऐकू येत होती! पुढच्या वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, लंडनच्या मिल हिल शाळेतल्या अठरा वर्षांच्या सेसिल गॉइडर या विद्यार्थ्यानं थेट न्यूझीलंडमधल्या फ्रँक बेल या मेंढपाळ शेतकऱ्याशी संपर्क साधला. लंडनहून न्यूझीलंडपलीकडे जायला पृथ्वीवर जागाच उरत नाही. शाळेच्या खोलीतल्या एका मुलानं जगाचं दुसरं टोक गाठलं होतं.

हा गॉइडर लक्षात ठेवा. तो आपल्याकडे यायचा आहे.

आता त्या लहरी परत कशा फिरतात ते पाहू. आपल्या डोक्यावर साठ-सत्तर किलोमीटरपासून पुढं कित्येकशे किलोमीटर हवा अतिविरळ असते. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण तिथल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे थर तयार होतात. हे आयनांबर. रेडिओ लहर तिथं पोचली की हे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर थरथरतात, आणि त्या थरथरीनं लहर हळूहळू वाकत वाकत पुन्हा जमिनीकडे वळते. कॅरममध्ये सोंगटी सरळ मिळत नसेल तर आपण काय करतो? स्ट्रायकर पलीकडच्या कडेला मारून रिबाउंडनं घेतो. इथंही तेच. लहर वर आकाशावर आदळते, खाली येते, समुद्रावरून उसळी घेते, पुन्हा वर जाते. एका उडीत तीन-चार हजार किलोमीटर सहज पार होतात. ओहायो ते पुणे अशा चार-पाच उड्या, आणि सगळा प्रवास एका सेकंदाच्या वीस-पंचविसाव्या भागात संपतो.

आणि हा आरसा जिवंत आहे! त्याचा सगळ्यात खालचा थर दिवसा तुलनेनं लांब लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरून जातो आणि रात्री दूरची स्टेशनं उमलू लागतात. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यानं वाढतात आणि कमी होतात. ते भरात असले की वरचा थर दाट होतो आणि एरवी अंतराळात निसटणाऱ्या आखूड लहरीसुद्धा माघारी फिरतात. म्हणजे पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्याची तब्येत कशी आहे, ते हॅमला त्याच्या गच्चीवरच्या तारेतून कळतं. हॅमव्हेन्शनमध्ये दोन अनोळखी माणसं भेटली की हवापाण्याच्या गप्पा सूर्यापासून सुरू होतात!

याहून थक्क करणारी गोष्ट पुढं आहे. असा थर असावा, हे केनेली आणि हेविसाइड या शास्त्रज्ञांनी १९०२ साली तर्कानं सांगितलं होतं. तो खरोखरच आहे, हे ॲपल्टननं प्रयोगानं दाखवलं १९२४ च्या डिसेंबरमध्ये, आणि त्याबद्दल त्याला १९४७ चं नोबेल मिळालं. तारखा पाहा. गॉइडर आणि बेल यांनी जग ओलांडलं ते त्याआधी. ज्याचं अस्तित्व अजून सिद्ध व्हायचं होतं, त्या आरशावरून हौशी मंडळी गप्पा मारून मोकळी झाली होती.

मग काय, ज्यांनी या लहरी टाकून दिल्या होत्या ते सगळेच त्यांच्यामागं धावले. कंपन्या आल्या, सरकारं आली, प्रसारण केंद्रं आली. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, रेडिओ सिलोन कसं ऐकायचात? १९५२ साली, म्हणजे हॅमव्हेन्शनच्याच वर्षी, सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ कोलंबोहून निघून दीड हजार किलोमीटरवरच्या नागपुरातल्या माडीवर यायची ती याच आरशावरून. आवाज मधेच लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा. ती आकाशातल्या थरांची हालचाल होती. दर बुधवारी लाखो घरं आयनांबर ऐकत होती!

आणि तो शाळकरी गॉइडर? तो १९३६ साली भारतात आला आणि ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला. १९३७-३८ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं आखूड लहरींची, म्हणजे शॉर्टवेव्ह, केंद्रं उभी राहिली ती त्याच्या कारकिर्दीत. एवढा मोठा देश, इतकी खेडी, तारा कुठं कुठं टाकणार? उत्तर त्याला शाळेतच सापडलं होतं.

चला, आता झेनियाच्या मैदानातल्या जुन्या बाजारात जाऊ. मेळ्याचा खरा जीव इथं आहे. घोड्यांच्या शर्यतीची जी वर्तुळाकार धावपट्टी असते तिच्या आतल्या मोकळ्या गवतावर रांगाच रांगा. टेबलांवर, ताडपत्रीवर, गाडीच्या उघड्या डिकीत माल मांडलेला. युद्धात वापरलेले लष्करी रिसीव्हर, काचेचे भलेमोठे व्हॉल्व्ह, तांब्याच्या तारेची वेटोळी, मीटर, कंडेन्सर, नाव न सांगता येणारे सुटे भाग. अनेक वस्तू ऐंशी-नव्वद वर्षांच्या. आणि त्यातल्या कितीतरी आजही चालतात! कुणा दिवंगत हॅमचं सामान घरच्यांनी मांडलेलं असतं. घेणारा ते हातात धरतो, कॉल साइन विचारतो आणि बरेचदा म्हणतो, ‘अरे, यांच्याशी मी बोललोय.’

एक वस्तू उचलून बघा. जड लोखंडी बैठक, वर चकचकीत धातूचा आडवा दांडा, दांड्यावर सरकवता येणारं एक वजन आणि बैठकीवरच्या पट्टीवर छोटासा लाल किडा. ही व्हायब्रोप्लेक्स. न्यूयॉर्कच्या होरेस मार्टिननं १९०४ साली ती बनवली. त्याआधी तारबाबूंना मोर्स लिपीतला प्रत्येक ठिपका, प्रत्येक रेघ बटण दाबून पाठवावी लागे आणि दिवसभराच्या ठोक्यांनी हात आखडून जाई. मार्टिननं काय केलं? दांड्याच्या टोकाला लवचीक पट्टी लावली. अंगठ्यानं पॅडल एका बाजूला दाबलं की दांडा थरथरायला लागतो आणि ठिपके आपोआप सुटतात, डिडिडिडिडि. तर्जनीनं दुसऱ्या बाजूला दाबलं की रेघ, हवी तेवढी. वजन टोकाकडे सरकवलं की वेग कमी, आत घेतलं की जास्त. बॅटरी नाही, चिप नाही, नुसती एक थरथरणारी पट्टी! सव्वाशे वर्षं होत आली, तरी तिच्यावर आजही जगभर बोलणं चालू आहे. आणि प्रत्येकाची थरथर निराळी. सरावलेला हॅम पहिल्या चार अक्षरांत ओळखतो की पलीकडे कोण बसलंय. त्याला ठिपके आणि रेघा मोजाव्या लागत नाहीत. आपल्याला जसे शब्द ऐकू येतात तसे त्याला मोर्समधून शब्दच ऐकू येतात.

आता मान वर करू. आकाशाचा आरसा ठरावीक लहरींपुरताच आहे. त्याहून आखूड, दोन मीटरच्या आसपासच्या लहरी त्याला भेदून आरपार जातात. म्हणूनच एफएम गावाबाहेर फार दूर पोचत नाही. पण आरपार जातात म्हणजे अंतराळात पोचतात की! मग हॅम मागं राहतील?

पहिला स्पुटनिक उडाला १९५७ साली. त्यानंतर चारच वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या काही हॅमनी फावल्या वेळात स्वतःचा उपग्रह बनवला. नाव ऑस्कर-१, वजन सुमारे साडेचार किलो. अमेरिकी हवाई दलाचं रॉकेट जाणारच होतं आणि तोल साधायला त्यात वजनं ठेवावी लागत. यांनी म्हटलं, त्या वजनाच्या जागी आमचा उपग्रह ठेवा ना! तो रॉकेटपासून सुटा करायला जी स्प्रिंग लावली, ती सव्वा डॉलरसुद्धा न मोजता दुकानातून आणलेली. तारीख १२ डिसेंबर १९६१. मार्कोनीच्या त्या दिवसाला बरोबर साठ वर्षं. कुठल्याही सरकारचा नसलेला हा जगातला पहिला उपग्रह. तो काय बोलत होता? मोर्समध्ये फक्त ‘हाय’. डि-डि-डि-डिट, डि-डिट. आत उष्णता वाढली की ‘हाय’चा वेग बदलायचा, म्हणजे घड्याळ लावून ऐकणाऱ्याला उपग्रहाचं तापमान कळायचं! सुमारे तीन आठवडे तो बोलला आणि २८ देशांतल्या ५७० हून जास्त हॅमनी तो ऐकून कळवलं.

आपणही या यादीत आहोत. ५ मे २००५ रोजी इस्रोनं श्रीहरिकोट्याहून हॅमसॅट सोडला, खास हौशी रेडिओसाठी. त्याचं वजन ४२.५ किलो होतं आणि तो नऊ वर्षं चालला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर तर हॅम रेडिओ कायमचाच आहे. जुलै २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला तिथून भारतातल्या शाळकरी मुलांशी बोलले तेही हॅम रेडिओवरूनच.

आणि ज्यांना उपग्रहही पुरत नाही ते चंद्राला भिंत करतात! लहर चंद्रावर मारायची, ती तिथून उलटून आली की पलीकडच्या खंडातल्या मित्रानं पकडायची. जाऊन-येऊन साडेसात लाख किलोमीटरहून जास्त. तुम्ही बोलून थांबता आणि अडीच सेकंदांनी तुमचाच आवाज चंद्रावरून परत येतो. हॅमनी हे पहिल्यांदा साधलं जुलै १९६० मध्ये, माणूस चंद्रावर उतरण्याच्या नऊ वर्षं आधी.

चंद्रावरून परतणारी लहर इतकी क्षीण असते की बरेचदा कानाला काही लागत नाही. हा पेच सोडवणाऱ्यांत एक नाव आहे जो टेलर यांचं. दोन ताऱ्यांच्या जोडीत फिरणारा पल्सार, म्हणजे ठोके देणारा तारा, शोधल्याबद्दल त्यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते शाळेपासूनचे हॅम. ताऱ्यांचे पुसट ठोके गोंगाटातून उपसून काढायची विद्या त्यांनी आपल्या छंदाकडे वळवली आणि २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके यांच्यासह ‘एफटी-८’ ही पद्धत तयार केली. यात निरोप फक्त ७७ बिटांचा, म्हणजे दोन कॉल साइन आणि थोडीशी माहिती. त्यात दुरुस्तीसाठी जादा बिट मिसळून ते १७४ करायचे आणि आठ सुरांतून पंधरा सेकंदांच्या खेपेत पाठवायचे. दोन्हीकडची घड्याळं जुळलेली. आता आसपासचा गोंगाट निरोपाच्या शंभरपट असला तरी संगणक तो अचूक वाचतो! पडद्यावर पाहिलं तर निळ्या धुरळ्याशिवाय काही दिसत नाही, आणि खाली अक्षरं उमटतात: ब्राझील, जपान, फिनलंड. नोबेलवाल्यानं हे सगळं फुकट वाटलं. या दुनियेत तसा रिवाजच आहे. हौशी परवान्यावर धंदा करायला कायद्यानं बंदी आहे.

पण नुसती हौस म्हणून सरकारं इतक्या मोलाच्या लहरी राखून ठेवतात? त्याचं उत्तर २६ डिसेंबर २००४ ला मिळालं. त्या महिन्यात भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमचं एक पथक पोर्ट ब्लेअरला गेलं होतं. अंदमानहून संपर्क मिळणं दुर्मीळ, म्हणून जगभरचे हॅम त्यांच्या हाकेची वाट बघत होते. त्या सकाळी जमीन हादरली आणि पाठोपाठ त्सुनामी आली. बेटाबेटांमधले संपर्क तुटले. चालू राहिला तो या पथकाचा रेडिओ. कालपर्यंत छंद असलेलं काम एका क्षणात बेटांचा आवाज झालं. त्यांनी पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवले, पथकातले काही जण पुढं कार निकोबारला गेले, आणि किती घरांना तिथून ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढं ऐकायला मिळालं. महाराष्ट्रानंही हे पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅमची पथकं लातूरकडे गेली. भुजच्या भूकंपातही तेच. टॉवर पडतो, फायबर तुटतं, वीज जाते. गाडीची बॅटरी आणि दहा मीटर तार मात्र माणसाच्या खांद्यावरून नेता येते. ज्यात मधे कोणी नसतं, त्यात मधलं तुटणार तरी काय?

हे सगळं वाचून तुमच्या मनात किडा वळवळला असेल तर ओहायोला जायची गरज नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठातल्या हॅम क्लबनं आपला रिसीव्हर इंटरनेटवर खुला ठेवला आहे. संगणकासमोर बसल्या बसल्या आजच रात्री शॉर्टवेव्ह ऐकून बघा. आणि मग परवाना काढा. आपल्याकडे केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयातर्फे त्याची परीक्षा होते. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते, आणि सुरुवातीच्या परवान्यासाठी मोर्सही यावी लागत नाही. शाळेतल्या विज्ञानाएवढं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियमांचं पुस्तक, एवढीच तयारी. गावात हॅम असेल तर त्याचं दार बेधडक ठोठावा. शिकवायला तो एका पायावर तयार असतो, कारण त्यालाही कुणीतरी असंच शिकवलेलं असतं. घरातल्या सातवी-आठवीतल्या मुलीला किंवा मुलाला सोबत न्या. शंभर वर्षांपूर्वी जगाचं दुसरं टोक गाठणारा शाळेतच होता.